छोटं सोन्याचं नाणं घेताना

मार्च 2025 मध्ये बऱ्हाणपूरचा मोगल खजिना दाखवणाऱ्या 'छावा' चित्रपटानंतर तिथल्या असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री मोबाइलच्या उजेडात मोहरा शोधत होते. बहादरपूर-बऱ्हाणपूरच्या हौशी संग्राहकाने हा नाद सोडलेला बरा. बऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती हे खरं. पण मोहर भरते सुमारे 11 ग्रॅम, आणि खिसाही तेवढाच मोठा लागतो. असीरगड जिंकल्यावर अकबराने पाडलेली ससाण्याची मोहर तर संग्रहालयातच पाहायची. शिवरायांचा होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, पण अतिदुर्मीळ. कुणी स्वस्तात देऊ केला तर नकलीच समजा.

सुरुवात दक्षिणेकडच्या फनम या चिमुकल्या सोन्याच्या नाण्यापासून करावी. वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, त्यामुळे झेपतं. पुतळ्यांच्या माळेतलं नाणं घेताना कडी डाखल्याची खूण आहे का, ते भिंगातून बघा. डाखलेल्याला संग्राहक कमी मोल देतात. पक्की पावती मात्र हवीच.

आणि शेतात खरंच काही सापडलं तर? 10 रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.