पन्नीचा धूर कोणाच्या छातीत?

सकाळी सहा-साडेसहाला घुग्घुसच्या कोणत्याही वस्तीतून फेरी मारावी, दोन-चार ठिकाणी तरी धूर दिसतोच. कुठे नालीकाठचा झाडलेला कचरा पेटविलेला असतो, कुठे दुकानासमोर रात्रीची खोकी आणि पन्न्या जळत असतात, तर कुठे कोळशाची सिगडी लवकर धरावी म्हणून खालून पन्नीचा बोळा सारलेला असतो. पन्नी चटकन पेट घेते, थेंब थेंब गळत जळते आणि कोळशाला विस्तव लागतो. खर्च काहीच नाही. वास डोळ्यांना झोंबतो, पण थोड्या वेळाने तो जातो आणि आपण विसरतो.

आमच्या गावात धुराचे काय नवल, असे कोणी म्हणेल. एका बाजूला वेकोलिच्या खाणी, दुसरीकडे सिमेंटचा कारखाना, स्पंज आयर्नचा कारखाना आणि दिवसरात्र धावणारे कोळशाचे ट्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांची मोजणी केली, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते अतिप्रदूषित ठिकाणांत चौथे आले होते. त्या पट्ट्यात घुग्घुसही होते. कारखान्यांच्या धुळीचा जाब विचारायचा तो विचारलाच पाहिजे. पण कारखान्याची चिमणी उंच असते, तिच्यावर मंडळाची थोडीफार तरी नजर असते. गल्लीतली पन्नी मात्र आपल्या नाकाच्या उंचीवर जळते आणि तिची मोजणी कोणी करीत नाही. आधीच धुळीने थकलेल्या छातीवर हा जादा भार आपण आपल्या हाताने टाकतो.

धुरात असते तरी काय?

प्लास्टिक हा एकच पदार्थ नव्हे. किराण्याची पन्नी आणि दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. ती अर्धवट जळते तेव्हा काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि अतिशय बारीक कण निघतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर हे कण त्याच्या तिसाव्या हिश्श्याहून बारीक असतात. नाकातले केस आणि घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि काही रक्तातही उतरतात. थर्मोकोलच्या ताटल्या जळल्या की स्टायरिनची वाफ निघते. डोके दुखणे, घसा खवखवणे, डोळ्यांतून पाणी येणे हे तिचे लगेच दिसणारे परिणाम.

सर्वांत वाईट म्हणजे ज्यात क्लोरीन असते ते पीव्हीसी. ते आपल्याकडे किती आहे, याची कल्पना बहुतेकांना नसते. विजेच्या तारांचे वेष्टन, जुने पाइप, रेक्झिन हे तर झालेच. पण चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे फ्लेक्स लागतात त्यांवरही पीव्हीसीचाच थर असतो. फलक उतरला की तो कोणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून चढतो, फाटला की शेकोटीत जातो. तांबे काढण्यासाठी तारा जाळणारी मुले तर आपण नेहमी पाहतो. अशा उघड्या, कमी आचेच्या आगीत डायॉक्सिन गटातील रसायने तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या गटातील सर्वांत विषारी रसायन माणसाला कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत घातले. शरीरातील चरबीत ते साठते आणि त्याचे प्रमाण नुसते निम्म्यावर यायला सात ते अकरा वर्षे लागतात.

हे विष नाकातूनच जाते असेही नाही. राख मातीत मिसळते, तिथे कोंबड्या चोच मारतात, गाई-शेळ्या चरतात आणि ते अंड्या-दुधातून आपल्या ताटात येते. म्हणून गृहिणींना एक सांगणे. ज्या सिगडीत पन्नी जळली, तिची राख भांडी घासायला घेऊ नये आणि परसातल्या वांग्या-टमाट्यांनाही घालू नये. लाकडाची स्वच्छ राख वेगळी, ही राख वेगळी.

हिवाळ्यात हे सगळे वाढते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते. ती वर चढत नाही, आणि धूर गल्लीतच चादरीसारखा पसरून राहतो. नेमक्या त्याच वेळी मुले शाळेला निघतात आणि म्हातारी माणसे शेकोटीभोवती बसतात. दमेकऱ्यांचा दम याच दिवसांत वाढतो. गरोदर स्त्री, दोन वर्षांखालील मूल, हृदयविकाराचा रुग्ण आणि खाणीत किंवा कारखान्यात धुळीत राबणारा कामगार यांनी या धुरापासून विशेष जपावे. कचरा जाळल्याने डास पळतात म्हणून तो जाळणारेही आहेत. डास तासाभराने परत येतो, धूर मात्र छातीत राहतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत ताडोबालगतच्या रामदेगीच्या परिसरातील एक चित्रफीत देशभर गाजली. वाघाचा बछडा पाण्यातून प्लास्टिकची बाटली तोंडात धरून बाहेर येत होता. सगळे हळहळले, आणि हळहळायलाच हवे. पण जळत्या ढिगावर हात शेकणाऱ्या पोरांची चित्रफीत कोणी काढीत नाही.

जे विकते ते जळत नाही

नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पाण्याची रिकामी बाटली क्वचितच जळते, कारण भंगारवाला तिचे पैसे देतो. तुटलेली खुर्ची, बादली, तेलाचा डबा यांचेही तसेच. जळते ते बिनकिमतीचे. पातळ पन्नी, चिप्सचे चमकते पाकीट, गुटख्याची पुडी, शाम्पूची पुडी. ओल्या भाताने माखलेली पन्नी तर भंगारवाला हातातही धरत नाही.

आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीची खास देणगी म्हणजे खर्र्याची पन्नी. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचे, त्याच पन्नीत बांधून द्यायचे. माणूस खर्रा तोंडात टाकतो आणि पन्नी पायाखाली. हातभर चौकोन तो, पण प्रत्येक पानठेल्याभोवती त्यांचा थर साचलेला असतो. खर्र्याने तोंड उघडेनासे होते, गालाची आतली कातडी पांढरी व ताठ पडते, पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, हे या सदराच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गुटखा, तंबाखू आणि पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत भरून विकू नये, असा नियम २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत घातला गेला. तो पानठेल्यापर्यंत पोचलेला दिसत नाही. एकाच वस्तूने तोंड, नाली आणि गल्लीतली हवा अशा तीन ठिकाणी नासधूस करावी, असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

पन्नी जाळली नाही आणि नुसती फेकली तरी सुटका नाही. नाली तुंबते. चहाचे कप, फुटके डबे यांत पावसाचे चमचाभर पाणी साचले तरी डेंग्यूच्या डासाला पुरते. आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो आणि त्याची अंडी कोरड्या भांड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा, तो केवळ घरातल्या टाकीपुरता नसून परसातल्या या सटरफटर वस्तूंसाठीही आहे.

ठेल्यावरून उकळता चहा पन्नीत बांधून नेण्याची पद्धतही सोडावी. कागदी कप त्याहून बरा, असे वाटते. पण त्याला आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवले तर त्यात प्लास्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण उतरतात. त्यांचे शरीरात नेमके काय होते, यावर अजून काम चालू आहे. इटलीतील डॉक्टरांनी २०२४ मध्ये मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेला चरबीचा थर तपासला. ज्यांच्या थरात प्लास्टिकचे कण सापडले, त्यांच्यात पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचे प्रमाण इतरांच्या साडेचार पट आढळले. प्लास्टिकमुळेच हे झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण काचेच्या ग्लासात किंवा स्टीलच्या पेल्यात चहा मागण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

बंदी झाली, पुढे काय?

कायदे कमी नाहीत. देशात १९९९ मध्ये २० मायक्रॉनहून पातळ पिशवीवर बंदी आली. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील पुरानंतर, तुंबलेल्या गटारांचा दोष पन्न्यांवर आला आणि राज्याने ५० मायक्रॉनची मर्यादा घातली. २३ मार्च २०१८ रोजी राज्याची प्लास्टिक व थर्मोकोल बंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, कप, चमचे देशभर बंद झाले. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठा ढीग जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. मायक्रॉनचा हा सगळा खटाटोप कशासाठी, तर जाड पिशवी गोळा होते, पुन्हा वापरली जाते आणि तिला भंगारात किंमत येते. पुन्हा मुद्दा तोच, किमतीचा.

मग जमते कोणाला? सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ला नावाचे छोटे बंदर आहे, वस्ती बारा हजारांच्या आसपास. तिथे २०१५ पासून मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी कचरा घराघरातूनच वेगळा घ्यायला सुरुवात केली. मिसळलेला कचरा घंटागाडी घेईना. ओल्या कचऱ्याचा गॅस आणि खत झाले, कोरडा कचरा प्रकारानुसार निवडला गेला आणि बिनकिमतीच्या पन्नीचा चुरा करून तो रस्त्याच्या डांबरात घातला. जिथे कचऱ्याचा डेपो होता, ती जागा लोक पाहायला जाऊ लागले. डांबरात प्लास्टिक वापरण्याची रीत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांची. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे प्लास्टिक तापवून मऊ केले जाते, पेटविले जात नाही, हा फरक लक्षात घ्यावा.

घुग्घुस २०२० च्या अखेरपर्यंत ग्रामपंचायत होते. २०११ च्या जनगणनेतच तीस हजारांवर लोक असलेल्या गावाचा कचरा ग्रामपंचायतीच्या बळावर उचलला जात होता. आता नगर परिषद आहे. वेंगुर्ल्याहून गाव मोठे आहे, साधनेही जास्त आहेत, आणि एक सोय तर वेंगुर्ल्याला नव्हती ती आपल्या दारात आहे. सिमेंटच्या भट्टीत माल १४५० अंशांपर्यंत तापतो, ज्योत त्याहूनही गरम असते आणि आम्लधर्मी वायू चुन्यात शोषले जातात. म्हणून वेगळे केलेले, कोरडे, बिनकिमतीचे प्लास्टिक अशा भट्टीत कोळशाबरोबर जाळण्यास देशात मान्यता आहे. मात्र पीव्हीसी त्यात जाता कामा नये आणि चिमणीची तपासणी काटेकोर हवी. जिल्ह्यात इतक्या सिमेंट भट्ट्या असताना आपली पन्नी नालीकाठी का जळावी, हा प्रश्न नगरसेवकांनी सभागृहात विचारण्यासारखा आहे.

पण भट्टी असो की डांबर, तिथे जायला पन्नी कोरडी हवी. ती फक्त आपल्या घरात कोरडी राहू शकते. स्वयंपाकघरात खिळ्याला एक जुने पोते टांगावे. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो तुकडा हरवतो. पिशवी विसळून पोत्यात टाकावी. पोते भरायला पंधरा दिवस लागतात. ते घंटागाडीला वेगळे द्यावे आणि गाडीवाला सगळे एकत्र करीत असेल तर तिथेच हटकावे. सिगडी पेटवायला काड्या, वाळलेली पऱ्हाटी, गोवरीचा तुकडा घ्यावा, आणि सिगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये.

बाजारात जाताना पिशवी न्यावी, हे सांगायलाही संकोच वाटतो. वणी-वरोऱ्याचा कापसाचा मुलूख आणि आपण भाजी न्यायला पन्नी मागतो! जुन्या लुगड्याच्या चार पिशव्या होतात. मटण-मासळीची पिशवी वेगळी ठेवावी आणि ती दरवेळी गरम पाण्याने धुवावी. पंगतीला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, माल न्यायला बुरडाची टोपली, हे आपल्या जंगलानेच दिलेले आहे. त्यात चार घरांची रोजीही आहे.

राहिला दवाखान्याचा कचरा, जो आता घराघरात आहे. मधुमेही रुग्णांनी इन्सुलिनच्या सुया पन्नीत टाकू नयेत. कचरा निवडणाऱ्या बाईच्या बोटात त्या घुसतात. जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात त्या साठवाव्यात, डबा भरत आला की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असे लिहावे आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा द्यावा. मुदत संपलेल्या गोळ्यांचेही असेच. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे लंगोट वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे द्यावेत. ते चुलीत घालू नयेत, त्यांतही प्लास्टिकच असते.