कानातून येणारा आवाज

‘रात्री माझ्या कानात सूंऽऽ असा आवाज चालू असतो. कुणी माझ्या कानाला कान लावला तर त्याला तो ऐकू येईल का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. बहुधा नाही. कानात शिट्टी वाजते, रातकिडे किरकिरतात, तेव्हा सहसा मोजता येईल असा आवाज नसतोच. ती ऐकण्याच्या मज्जामार्गातली खळबळ असते. (एकाच कानात असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. गुणगुण कायमची घालवणाऱ्या तेलांच्या जाहिरातींकडे मात्र दुर्लक्ष करा.) पण प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. निरोगी कान खरोखर आवाज काढतो. तो मायक्रोफोनवर पकडला जाण्याच्या तीस वर्षं आधी एका माणसाने हे कागदावर मांडलं होतं.

त्याचं नाव टॉमस गोल्ड. डॉ. जयंत नारळीकरांमुळे आपल्याला हॉइल आणि त्यांचा स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत माहीत असतो. तो मांडणाऱ्या त्रयीतले हॉइल आणि बाँडी यांच्यानंतरचं तिसरं नाव गोल्ड यांचं. सिद्धांत १९४८ चा, आणि गोल्ड यांचं कानावरचं संशोधनही १९४८ चंच!

तेव्हा या क्षेत्रात गेओर्ग फॉन बेकेशी यांचा शब्द अखेरचा होता. बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत त्यांनी मृतांच्या कानातला गोगलगाईच्या शंखासारखा कॉक्लिया उघडून, त्यात प्रचंड आवाज सोडून, आतल्या पडद्यावरून धावणारी लाट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. काम थोर होतं. १९६१ चं नोबेल त्यालाच मिळालं. पण ती लाट पसरट होती. जिवंत माणूस तर जेमतेम फरक असलेले दोन सूरही वेगळे ओळखतो. ते कसं?

युद्धकाळात रडारवर काम केलेल्या गोल्ड यांनी अभियंत्याच्या नजरेने पाहिलं. कॉक्लिया द्रवाने भरलेला. अशा द्रवात पडद्याची इवली थरथर क्षणात विरून जायला हवी. विरत नाही, म्हणजे तिथे कुणीतरी तिला ऊर्जा पुरवत असणार, आणि मेलेल्या कानात ही यंत्रणा दिसणारच कशी! गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की काय होतं ते आठवा. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, आणि कुणी काही न बोलता ‘कुईंऽऽ’ सुरू. गोल्ड म्हणाले, कानातही असाच फीडबॅक आहे. एरवी तो आवरलेला असतो, पण सुटला तर कान स्वतःच शिट्टी वाजवेल. त्यांनी मायक्रोफोन लावून पाहिला. त्या काळच्या उपकरणांना काही सापडलं नाही. त्यांचं म्हणणं बाजूला पडलं आणि ते आकाशाकडे वळले. विश्वाबाबत ते चुकले, कानाबाबत बरोबर ठरले. चर्चा मात्र पहिल्याचीच होते.

१९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केंप यांनी कानात ‘टक्’ असा आवाज सोडल्यावर काही मिलिसेकंदांनी कानाकडूनच क्षीण आवाज परत आल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे ऊर्जा पुरवणारेही सापडले. कॉक्लियातल्या बाह्य रोमपेशी विजेच्या इशाऱ्यावर आखूड-लांब होतात, हे विल्यम ब्राउनेल यांनी १९८५ मध्ये दाखवलं. प्रत्येक कानात त्या सुमारे १२,०००. मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. (कोंबडीत उगवतात! मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

केंप यांचा तोच प्रयोग आज ‘ओएई’ चाचणी म्हणून नवजात बाळांवर होतो. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानसं बोंडूक ठेवायचं. त्यातला स्पीकर आवाज सोडतो आणि मायक्रोफोन उत्तराची वाट पाहतो. काही मिनिटांचं काम. उत्तर आलं नाही तर लगेच घाबरू नका; जन्मानंतर कानात राहिलेल्या चिकट्यानेही तसं होतं, चाचणी पुन्हा करावी. उलट, उत्तर आलं म्हणून सगळं ठीकच असतं असंही नाही. ओएई रोमपेशींपर्यंतच पाहते, मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूची खबर तिला नसते. म्हणून बाळ अतिदक्षता विभागात राहिलेलं असेल किंवा त्याला तीव्र कावीळ झाली असेल, तर मज्जामार्ग तपासणारी ‘बेरा’ चाचणीही डॉक्टरांकडे आवर्जून मागा. पहिली तपासणी महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांत आणि उपाय सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत. ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका.