परतायचे ते एकदाच

पुसद, दिग्रस, उमरखेड, कुठल्याही कब्रस्तानात जा, कबरी उत्तर-दक्षिण खोदलेल्या दिसतील. मृताचे डोके उत्तरेला, तोंड पश्चिमेला. कारण यवतमाळ जिल्ह्यातून मक्का पश्चिमेला, किंचित वायव्येकडे येते. देह जाळायचा नाही, मातीच्या हवाली करायचा. कयामतच्या दिवशी उठायचे ते देहासकट, आणि तेही एकदाच, अशी श्रद्धा आहे.

शेजारच्या आळीत ‘मागल्या जन्मीचं देणं’ हे रोजचे बोलणे. इस्लामला तो हिशेब मंजूर नाही. विद्वान अल्-बिरूनीने तर सन १०३०च्या सुमारास लिहून ठेवले, की कलम्यावरून मुसलमान ओळखावा, तसा पुनर्जन्मावरून हिंदू. मरण आणि कयामत यांच्यामध्ये बरजख, म्हणजे आडपडदा, आहे. कुराणाच्या तेविसाव्या सूरेत मरणारा गयावया करतो, मला परत पाठव, आता चांगले वागेन. पण त्याला परवानगी मिळत नाही.

मग कुजलेली हाडे उठणार कशी? पैगंबरांच्या मक्केतल्या विरोधकांनी नेमके हेच विचारले होते. कुराण पावसाकडे बोट दाखवते: मेलेली जमीन सरी पडताच जिवंत होते, तसे. कोरडवाहू कापसाच्या मुलखाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या सूरेत तर एक माणूस शंभर वर्षे मेलेला राहून उठतो, आणि त्याच्यादेखत त्याच्या गाढवाच्या हाडांवर मांस चढते. माणूस तोच, देह तोच. म्हणून याला पुनर्जन्म म्हणता येत नाही. देह उठणे नाकारणाऱ्या तत्त्वज्ञांना धर्मपंडित गझालीने १०९५ साली थेट धर्मबाह्य ठरवले, इतका हा मुद्दा कळीचा.

तरी ‘मुसलमानांत कुणीच पुनर्जन्म मानला नाही’ असे ठोकून देणे चूक. अकराव्या शतकात शियांच्या इस्माइली पंथातून फुटलेले लेबनॉन-सीरियातले द्रूझ आजही तो मानतात. अर्थात त्यांना मुसलमान म्हणावे का, यावर वाद आहे. आणि इतक्या लांब जायलाच नको. आपल्या मुंबईतल्या खोजा समाजाच्या गिनानांत, म्हणजे भक्तिगीतांत, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा येतो. त्यांच्या ‘दशावतार’ ग्रंथात विष्णूचा दहावा अवतार म्हणजे हजरत अली! हा ग्रंथ मरणासन्न खोजाच्या उशाशी वाचला जाई.

१८६६ साली आगाखान खटल्यात न्यायमूर्ती अर्नोल्ड यांच्यापुढे हाच ग्रंथ पुराव्यात आला. तो विचारात घेऊनच मुंबई उच्च न्यायालयाने खोजांना शिया इस्माइली मुसलमान ठरवले.