वळचणीखालची काळी माशी

साखरशेतात आमचं घर अजून कुडाचं आहे. कारवीच्या काठ्या, वरून शेणमातीचं लिंपण. तुरीला फुलं आली की भिंतीतल्या भोकांशी आणि वळचणीच्या बांबूंच्या टोकांशी भर उन्हात एका मधमाशीची ये-जा सुरू होते. मधमाशी म्हटलं की आपल्याला सातेरी, आग्या आठवतात. ही मधमाशी पोळं बांधत नाही. राणी नाही, कामकरी नाहीत. एकटी आईच पानाचे गोल तुकडे कापून आणते, भोकात त्यांची पुंगळी करते, आत मध कालवलेल्या परागाचा गोळा ठेवून एक अंडं घालते आणि तोंड बंद करते. तुरीच्या शेंगा भरतात त्यात तिच्या फेऱ्यांचाही वाटा आहे.

तिच्या मागावर अँथ्रॅक्स माशी येते. गुरांच्या त्या नावाच्या रोगाशी हिचा काही संबंध नाही. निसर्गअभ्यासक स्कोपोली यांनी 1763मध्ये या प्रजातीला हे नाव दिलं. अंग काळंभोर, पंख अर्धे काळे, अर्धे काचेसारखे. आधी ती अंगणात बसून शेपटाकडचा भाग धुळीत घासते. पोटाच्या टोकाशी असलेल्या पिशवीत बारीक माती भरून घेते. मग भोकासमोर हवेत थबकते आणि पोटाला हिसका देऊन मातीत घोळलेलं अंडं आत भिरकावते. उतरत नाही, शिरत नाही.

पुढचं सगळं अंधारात घडतं. सुतासारखी अळी घरट्यात सरकते आणि थांबून राहते. मधमाशीची अळी पराग खाऊन गुबगुबीत झाली, की हिची खरी भूक जागी होते. फ्रान्सचे कीटकतज्ज्ञ झां-आंरी फाब्र (1823–1915) यांनी हे तासन्‌तास पाहिलं: अळी चावत नाही, कातडी फाडत नाही, बाहेरूनच चोखते, शेवटी रिकामी कातडी उरते. प्रौढ माशीला माती पोखरता येत नाही, म्हणून ते काम कोशच करतो. त्याच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट असतो, त्याने तो बूच फोडतो. भोकातून अर्धं बाहेर आलेलं रिकामं टरफल दिसलं, की समजावं, माशी बाहेर पडली.

ही माशी डसेल म्हणून माझी आई तिला केरसुणीने हाकलते. तिला नांगी नाही. सोंड आहे ती फुलातल्या रसापुरती. मला ती मधमाश्यांची वैरीण वाटत नाही. मधमाश्या मुबलक असल्याशिवाय हिचं पोट भरत नाही; ही दिसेनाशी झाली तर मला आधी मधमाश्यांची काळजी वाटेल. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत दोघींनाही जागा नाही. म्हणून नवं घर बांधणाऱ्यांना सांगतो, बांबूच्या वीतभर नळ्या कापा, एका टोकाला पेर राखा आणि उन्हाच्या बाजूला वळचणीखाली आडव्या बांधा.