घरच्या व्यवसायाचा व्हॉट्सॲप नंबर कुणाच्या हातात? व्हॉट्सॲप बिझनेस टीमने कसं वापरायचं



घरात कुणी डबे देतं, ब्लाउज शिवतं किंवा दिवाळीचा फराळ करतं, आणि तुमच्या हातात बऱ्यापैकी स्मार्टफोन आहे, म्हणजे "जरा ते व्हॉट्सॲपचं तू बघ" हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणारच. घरातलं कॉलेजला जाणारं पोरगं किंवा पोरगी म्हणजे त्या व्यवसायाचा मार्केटिंग विभाग. पगार नाही, पण चिवडा मिळतो.

माझी मावशी फराळ करते. तिच्यासोबत शेजारच्या दोन काकू आणि पॅकिंगला माझा मावसभाऊ. चार माणसं, चार फोन आणि चौघांच्याही ओळखीपाळखी. मागच्या दिवाळीत ऑर्डर चारही फोनवर येत होत्या. एका बाईंनी २ किलो भाजणीची चकली मावशीलाही सांगितली आणि आठवणीसाठी काकूंनाही. दोघींनी लिहून घेतली, दोनदा तळली गेली. त्याच दिवशी मावसभावाच्या फोनवर आलेली दुसरी ऑर्डर कुणाच्याच वहीत नव्हती. त्या गिऱ्हाईकाला वसुबारसेला "उद्या देतो" सांगावं लागलं, आणि ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. चकली उत्तम होती, फोनची व्यवस्था नव्हती.

या वर्षी मावशीने ते काम माझ्याकडे दिलं. जे केलं ते सगळं फुकट आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी नंबर

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, २०१८ मध्ये आलं, प्ले स्टोअरवर फुकट मिळतं. एक नंबर एका वेळी साध्या व्हॉट्सॲपवर किंवा बिझनेसवर, एकाच ठिकाणी चालतो. म्हणून धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या. दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही ॲप शेजारी शेजारी चालतात. दुकानात लँडलाइन असेल तर तो नंबरही चालतो. कोड एसएमएसने येणार नाही, "कॉल करा" हा पर्याय निवडायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. सिम कुणाच्या नावावर? माझं मत ठाम आहे: जिचा व्यवसाय तिच्या नावावर. मावसभावाच्या नंबरवर सुरू करणं सोपं होतं, त्याला सगळं येतं. पण तो पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला गेला की तीन वर्षांत जोडलेली गिऱ्हाइकं त्याच्या खिशातून पुण्याला जाणार. क्यूआर कोडचंही तसंच, खातं मावशीचं. बाईने दिवसभर तेलाच्या वाफेत उभं राहायचं आणि पैसे पोराच्या खात्यात जमा व्हायचे, हे बरोबर नाही.

चार फोन, एक नंबर

हे फीचर अनेकांना माहीतच नसतं. मुख्य फोनशिवाय आणखी ४ डिव्हाइस त्याच खात्याला जोडता येतात, त्यात दुसरे फोनही आले. सेटिंग्जमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडायचं आणि दुसऱ्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. मुख्य फोन बंद असला तरी बाकीचे चालतात. फक्त तो १४ दिवसांहून जास्त वापरलाच नाही, तर जोडलेले फोन आपोआप बाहेर पडतात.

म्हणजे आता गिऱ्हाईक एकाच नंबरला मेसेज करतं आणि तो चौघांना दिसतो. प्रश्न सुटला? नाही. उलट नवा सुरू होतो. दिसतो चौघांना, मग उत्तर कोण देणार? पहिल्या आठवड्यात एकाच बाईंना काकूंनी "हो ताई, मिळेल" लिहिलं आणि पाच मिनिटांनी मावसभावाने "स्टॉक संपला आहे". ॲपने हे सुटत नाही, बोलूनच सुटतं. आम्ही असं ठरवलं: दुपारी तळण चालू असतं, कढईपुढे फोन घ्यायचाच नाही, तेव्हा उत्तर मावसभाऊ देणार. सकाळी आणि संध्याकाळी ७ ते ९ काकू. रात्री ९ नंतर कुणीच नाही. त्या वेळेसाठी "अवे मेसेज" लावला आहे: "आता बंद आहे, सकाळी ९ नंतर उत्तर देतो." आणि ज्याने ऑर्डर घेतली त्यानेच लेबल लावायचं.

लेबल म्हणजे चॅटवर लावायची रंगीत चिठ्ठी. २० पर्यंत करता येतात, आम्हाला चार पुरली: नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, पोहोचलं. संध्याकाळी "पैसे बाकी" उघडलं की कुणाला आठवण करायची ते समोर दिसतं. मावशी आधी म्हणाली, "मला नाही बाबा ते रंगबिंग कळत." दुसऱ्या आठवड्यात तीच मावसभावाला ओरडत होती, "अरे, हिरवं का नाही लावलंस?"

वही बंद केलेली नाही, हेही सांगतो. उद्या काय आणि किती तळायचं हे अजून वहीतच लिहिलं जातं आणि ती वही ओट्यापाशी असते. चालणारी गोष्ट मोडू नये.

रोजचं टायपिंग कमी करा

"रेट काय?" याचं उत्तर दिवसात तीस वेळा कशाला लिहायचं? क्विक रिप्लाय ५० पर्यंत साठवता येतात. "/रेट" टाईप केलं की अख्खा मेसेज तयार. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, आपल्याला दहा-बारा पुरे. फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ, साध्या ताटात काढा. नेटवरचा करंजीचा फोटो उचलू नका, हातात पडलेली करंजी वेगळी दिसली की विश्वास उडतो. भाव आणि वजन स्पष्ट लिहा. खाण्याचे पदार्थ घरून विकायचे तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती केली की नंबर प्रोफाइलमध्ये टाका.

मार्केटिंग: कढईला विचारून

स्टेटस, ब्रॉडकास्ट, गुगल बिझनेस प्रोफाइल, तिन्ही वापरा. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. म्हणून प्रत्येक पाकिटावर "नंबर सेव्ह करा" अशी चिठ्ठी लावली. गुगल प्रोफाइलवर घरचा पत्ता लपवून फक्त कुठे कुठे पोहोचवता तो भाग दाखवता येतो, घरून काम करणाऱ्या बायकांसाठी हे महत्त्वाचं. रिव्ह्यू जरूर मागा, पण "रिव्ह्यू द्या, सूट घ्या" करू नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही.

पैसे देऊन जाहिरात? पहिल्या हंगामात मी नको म्हणेन. मावशीच्या घरी दिवसाला साधारण १२ किलो चकली होते, त्यापुढे हात चालत नाहीत. मावसभावाने जोशात "अनारसे उपलब्ध" असं स्टेटस टाकलं, तर पीठ भिजवून-मुरवून तयार व्हायलाच दिवस लागतात हे त्याला कोण सांगणार? म्हणून आमच्याकडे नियम आहे: स्टेटस टाकण्याआधी मावशीला विचारायचं. आणि धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी ऑर्डर बंद, तसं स्टेटसच लावायचं. "ऑर्डर बंद" बघून पुढच्या वर्षी लोक लवकर सांगतात, हा फायदा वेगळाच.

पैसे आणि सुरक्षा

पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. खोटे स्क्रीनशॉट बनवणं सोपं आहे. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय "पैसे आले" लेबल लावायचं नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कुणी "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणालं की फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कॉल करा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

"जीबी" वगैरे नावांची नकली व्हॉट्सॲप धंद्याच्या नंबरवर अजिबात टाकू नका. नंबर बंद झाला तर अख्ख्या हंगामाच्या ऑर्डर अडकतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ६ आकड्यांचा पिन लावा, ईमेलही जोडा. हा पिन मावशीला पाठ आहे, आम्हा पोरांना नाही. कुणी टीम सोडून गेलं की त्याच दिवशी मुख्य फोनवर "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून त्याचा फोन लॉग आउट करायचा. मावसभाऊ जूनमध्ये जाईल तेव्हा हे काम मावशी स्वतः करणार आहे, दोनदा करून दाखवलं आहे तिला.