अडलेल्या माणसासाठी लिहिताना

मागच्या व्याख्यानानंतर सातारा आणि सांगलीकडून आलेल्या चिठ्ठ्यांत एक प्रश्न फिरून फिरून होता. टेक्निकल रायटर म्हणून नोकरी लागली आहे, ॲपची ऑनलाइन मदत लिहायची आहे, तर सुरुवात कुठून करावी? आता तत्त्वज्ञानवाल्यांना हे का विचारता, असं कुणी म्हणेल. पण दुसऱ्याला कळेल असं सांगायचं कसं, हा आपल्या शास्त्रकारांचा जुनाच उद्योग आहे.

ग्रंथाच्या आरंभी ते चार गोष्टी ठरवत: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. अधिकारी म्हणजे कचेरीतले साहेब नव्हेत बरं का! ज्याच्यासाठी ग्रंथ लिहिला, तो अधिकारी. नवा लेखक बहुधा त्यालाच विसरतो.

आपण ई-पीक पाहणीचं उदाहरण घेऊ. पूर्वी गाव नमुना १२ मधली पिकाची नोंद तलाठी करत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर, पिकाचा फोटो काढून करायची, असं ठरलं. नोंद राहिली की सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि मग नुकसानभरपाई असो की पीककर्ज, हेलपाटे सुरू. तलाठ्याला विचारता येत होतं, स्क्रीनला काय विचारणार? म्हणून मदतीच्या पानाला महत्त्व.

इथे अधिकारी कोण? तासगावचा द्राक्षबागायतदार, कराडकडचा ऊसवाला, जतचा ज्वारी करणारा. तो बांधावर उभा आहे, उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही. त्याला 'ॲपची ओळख' नको आहे. गट नंबर टाकला, नाव येईना, आता काय करू, एवढंच त्याला हवंय. जॉन कॅरोल या अभ्यासकानं आयबीएममधल्या कामावरून १९९० च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं: माणसं आधी पुस्तिका वाचून मग काम करत नाहीत, काम करू लागतात आणि अडली की पुस्तिकेकडे वळतात.

आता वाक्याकडे येऊ. वाक्याचा अर्थ कळायला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागतात, असं नैयायिक सांगतात. 'सबमिट दाबा' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, दाबल्यावर काय दिसेल? ही आकांक्षा म्हणायला हरकत नाही, आणि ती तिथंच पुरी करायची. योग्यतेचं शास्त्रातलं उदाहरण म्हणजे विस्तवानं शिंपणं. शब्द बरोबर, पण अर्थ जुळत नाही. ॲपची नवी आवृत्ती आली, बटण गेलं आणि मदतीत ते दाबायला सांगितलेलं आहे, तर तेही त्याच जातीचं! सन्निधी म्हणजे जवळीक. एक शब्द आत्ता आणि दुसरा प्रहरानंतर उच्चारला तर वाक्य होत नाही. 'फोटो शेतात उभं राहूनच काढा' ही सूचना पानाच्या तळाशी टाकलीत, तर ती वाचेपर्यंत माणूस घरी पोचलेला असतो. ती पायरीच्या आधी हवी.

शब्दांचंही तसंच. बटणावर 'जतन करा' असेल तर मदतीतही 'जतन करा'च लिहा. 'सेव्ह' लिहिलंत की तो बिचारा 'सेव्ह' शोधत बसतो. आपल्या वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली विश्वकोश झाला, त्याचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये निघाला आणि पहिला खंड १९७६ मध्ये. म्हणजे आधी शब्द ठरले. तुम्हीही लिहायच्या आधी शब्दांची एक यादी करा, दोन पानांची का असेना.

आणि पान लिहून झालं की गावाकडे जा. फोन एखाद्या काकांच्या हातात द्या आणि आपण गप्प बसा (हे मात्र फार अवघड, प्राध्यापकांना तर विशेष). ते कुठे थांबतात, काय पुटपुटतात, ते टिपून घ्या. 'प्रमाणीकरणातील अडचणी' असं ते कधीच म्हणणार नाहीत. ते म्हणतील, "ओटीपी येईना." मग पानाचा मथळा तोच ठेवा: ओटीपी येत नसेल तर.