वऱ्हाडातील उन्हाळा आणि वृद्धांचे आरोग्य : घरातील उष्माघाताचा प्रश्न

प्रस्तावना :

वऱ्हाडच्या उन्हाळ्याचे वर्णन बहुधा तापमानाच्या आकड्यांनी केले जाते. मे 2020 मध्ये अकोल्याचा पारा 47 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला होता. मे 2024 च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्या वेळी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 अन्वये आदेश काढून कामगारांसाठी पाणी व सावली, तसेच खासगी शिकवणी वर्गांच्या वेळा यांविषयी निर्बंध घातले. आदेश योग्यच होता. परंतु त्याचा रोख घराबाहेर पडणाऱ्या माणसावर होता. टिनाच्या छताखाली दिवसभर खाटेवर पडून असलेली सत्तरीपुढची व्यक्ती त्यात कोठे येत नाही. वैद्यकीय संशोधनानुसार मात्र उष्णतेची सर्वाधिक झळ ज्यांना बसते, त्यांत हीच व्यक्ती येते.

उष्माघाताचे स्वरूप :

वैद्यकशास्त्र उष्माघाताचे दोन प्रकार मानते. पहिला श्रमजन्य. तो शेतमजूर, सैनिक, खेळाडू अशा धडधाकट माणसांना काही तासांत गाठतो. दुसरा प्रकार श्रमांशिवाय होतो. सलग काही दिवस उष्मा टिकला, रात्रीही घर थंड झाले नाही, की तो वृद्धांना व आजारी माणसांना घरातच गाठतो. वयोमानाने घाम कमी येतो, त्वचेकडील रक्तप्रवाह पुरेसा वाढत नाही आणि तहानेची जाणीव मंदावते. शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला जादा काम करावे लागते. ते आधीच दुर्बल असल्यास मृत्यू हृदयविकाराने होतो.

पाण्याचा प्रश्न येथे अधिक बिकट आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल मचूळ असते. त्यातच रात्री लघवीला उठण्याचा त्रास नको म्हणून अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, संध्याकाळनंतर पाणी टाळतात. घरच्यांना याचा पत्ताही नसतो.

औषधांकडेही दुर्लक्ष होते. रक्तदाब वा हृदयविकारासाठी दिली जाणारी मूत्रल औषधे शरीरातील पाणी व क्षार कमी करतात. बीटा ब्लॉकर गटातील औषधांमुळे हृदयाची गती गरजेइतकी वाढत नाही. मूत्राशयाच्या तक्रारी व नैराश्य यांवरील काही औषधे घामच रोखतात. ही औषधे परस्पर बंद करणे घातकच आहे. मात्र डॉक्टरांनी मार्चअखेरीस मात्रा एकदा तपासून पाहिली, तर बरेच काही टळू शकेल. हिवाळ्यात लिहून दिलेली चिठ्ठी मे महिन्यातही तशीच चालू राहते, हा नेहमीचा अनुभव आहे.

पंख्याविषयीचा समजही तपासून घ्यावा लागतो. सिडनी विद्यापीठातील ओली जे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तरुणांसाठी 39 अंशांपर्यंत आणि वृद्धांसाठी 38 अंशांपर्यंतच पंखा उपयोगी ठरतो. घाम रोखणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ही मर्यादा 37 अंश आहे. त्यापुढे पंखा गरम हवाच अंगावर ढकलतो. अशा वेळी अंग ओले ठेवणे अधिक हितकारक असते. वऱ्हाडातील कोरड्या मे महिन्यात कूलर व वाळ्याचे पडदे चांगले काम देतात; मात्र जूनच्या आरंभी हवेत दमटपणा आला की कूलरचा गुण उतरतो.

लक्षणे ओळखणे हा काळजीचा सर्वांत नाजूक भाग आहे. उष्माघातात शरीराचे तापमान 40 अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक होते आणि भान हरपू लागते. वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली की घरातील माणसे ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात. येथेच वेळ जातो. रुग्णवाहिकेची वाट पाहत असतानाच अंगावर पाणी ओतून वारा घालणे आवश्यक असते. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीला पाणी पाजू नये.

एकाकीपणा आणि नोंदीचा प्रश्न :

जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या अभ्यासात एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले आणि रोज घराबाहेर न पडणारे लोक अधिक धोक्यात असल्याचे दिसले. फ्रान्समध्ये ऑगस्ट 2003 मध्ये सुमारे 15 हजार जादा मृत्यू झाले व त्यांत वृद्धांचेच प्रमाण मोठे होते. मुले पुण्या-मुंबईस नोकरीला आणि आईवडील अमरावती-अकोल्यातील घरात, ही स्थिती आता नवी राहिलेली नाही. शेजाऱ्याने दुपारी एकदा डोकावून जाणे, हाही येथे उपचाराचाच भाग ठरतो.

परंतु असे मृत्यू मोजले जात नाहीत. एप्रिल 2023 मध्ये खारघर येथील मैदानावरील समारंभात उष्माघाताने 14 जण मृत्युमुखी पडले. ते सर्वांसमक्ष घडले, म्हणून त्यांची नोंद झाली. घरातील वृद्धाच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले जाते. म्हणूनच अहमदाबादच्या अभ्यासकांनी दाखल्यावरील कारणावर विसंबून न राहता एकूण मृत्यू मोजले. मे 2010 मध्ये त्या शहरात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाल्याचे त्यांना आढळले आणि 2013 मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा लागू झाला.

अमरावती व अकोला या दोन्ही महानगरपालिकांकडे मृत्युनोंदी आहेत आणि हवामान खात्याकडे रोजचे तापमान आहे. वयोगटानुसार या दोहोंची सांगड घालण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. महाविद्यालयातील संख्याशास्त्र व भूगोल विभाग स्थानिक वैद्यकीय महाविद्यालयाच्या साहाय्याने हे काम करू शकतात. अशा मोजणीत लाट ओसरल्यानंतरचे काही दिवसही धरावे लागतील, कारण खाटेवरील वृद्धाचा मृत्यू कित्येकदा पारा उतरल्यावर होतो.